पूर्वी तिथे, आता इथे

आमच्या इमारतीत अशी बातमी आहे की दुसऱ्या मजल्यावरच्या चष्मेवालीने, म्हणजे आमच्या मावशीने, एक बटण दाबून अख्ख्या दवाखान्यातल्या बाळांची नावं पुसून टाकली आणि म्हणून कंपनीने तिला घरी बसवलं.

बातमी जिन्यात सोडली तळमजल्यावरच्या काकूंनी. काकूंची पद्धत ठरलेली. आधी "मला काय करायचंय म्हणा," मग मागे बघायचं, पुढे बघायचं, मग "पण तुम्हाला म्हणून सांगते," आणि मग जे सुटतं ते सुटतं. तळमजल्यावर बाळं तीनशे होती, तिसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत तीन हजार झाली, आणि गच्चीवर कपडे वाळत घालणाऱ्या बाईंना तर असं कळलं की त्या बिचाऱ्या बाळांना आता नावंच नाहीत, नुसते नंबर आहेत.

खरं काय ते असं. नोंदी पुसल्या गेल्या होत्या, पण सात महिन्यांपूर्वी, आणि त्या मावशीने पुसल्या नव्हत्या. ती घरी बसली हेही खरं, पण तिला कुणी बसवलं नव्हतं. मावशीला बसवायला कुणी लागत नाही. उठवायला मात्र दोन माणसं लागतात, आणि त्यातलं एक आमची आई असावं लागतं.

मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण. वय चव्वेचाळीस. आमच्याकडेच मागच्या खोलीत राहते. बोलते कमी, आणि रागावली की आणखी हळू बोलते, इतकं की समोरच्याला वाटतं बाई विचार करतायत. तिचं एक वाक्य घरात सगळ्यांना पाठ आहे. कुणी धावत, धापा टाकत काहीही सांगायला आलं, गॅस संपला, नळ तुटला, परीक्षेत दांडी गुल झाली, तरी मावशी चष्मा वर सरकवते आणि म्हणते, "थांब. पहिल्यापासून सांग."

तिची कंपनी नऊ माणसांची, टाइल्सच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर. खाली दिवसभर टाइल कापायचं यंत्र किंचाळत असतं, त्यामुळे वरचे नऊही जण मोठ्याने बोलतात आणि घरी गेल्यावर ओरडा खातात. ही नऊ माणसं मिळून एक टूल बनवतात. ज्यांच्याकडे शेकड्यांनी सर्व्हर, डेटाबेस, फाइली साठवायच्या जागा असतात, त्यांनी त्या एकेक करून हाताने उभ्या करत बसू नये म्हणून हे टूल. काय काय हवंय ते एका फाइलमध्ये लिहायचं. टूल ती फाइल वाचतं, मग आपली वही उघडतं. आजवर मी काय काय बांधलं याची ती वही. दोन्ही ताडून बघतं. फाइलमध्ये आहे आणि वहीत नाही, तर बांधतं. वहीत आहे आणि फाइलमध्ये नाही, तर पाडतं.

"गडी फार कामसू आहे," मावशी म्हणते. "पण का, ते विचारत नाही."

आता घोळ कुठे होता, तर नावं बदलण्यात. फाइल वाढत जाते, पसारा होतो, मग माणूस आवराआवर करायला घेतो. एका गोष्टीचं नाव बदलतो, दुसरी उचलून वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवतो. खरा डेटाबेस जागचा हललेला नसतो, फक्त कागदावर त्याची जागा बदललेली असते. पण आमच्या गड्याला वाटतं जुना नको झाला आणि नवा हवा झाला. तो जुना पाडतो, नवा कोराकरकरीत बांधतो आणि वर "काम यशस्वी" असं हिरव्या अक्षरांत लिहितो.

सात महिन्यांपूर्वी हेच झालं होतं. नवजात बाळांच्या कानांची तपासणी करणारी चौदा केंद्रं आहेत. बाळ घरी जायच्या आत त्याला ऐकू येतं का ते बघतात, आणि शंका वाटली तर महिन्याच्या आत पुन्हा बोलावतात. सगळ्या केंद्रांच्या नोंदी एका डेटाबेसमध्ये. तो सांभाळणारे गृहस्थ पन्नाशी ओलांडलेले, पंचवीस वर्षं त्याच खात्यात. ते प्रत्येक वाक्यात, गरज असो नसो, "बरं का" घालतात, म्हणून आमच्या घरात त्यांचं नाव बरंका काका. काकांनी आवराआवर करताना त्या डेटाबेसचं नाव बदललं. बाकी सगळं टूलने केलं. राखीव प्रत होती, पण ती अकरा दिवस शिळी.

त्या अकरा दिवसांत पुन्हा बोलावलेली बाळं होती एकोणीस. काकांनी केंद्राकेंद्रातून कागदाच्या चिठ्ठ्या गोळा केल्या, घराघरात फोन लावले. अठरा सापडली. एकोणिसाव्याच्या घरचा फोन लागेना, तेव्हा ते स्वतः जाऊन दार ठोठावून आले. मग त्यांनी कंपनीला एक पत्र लिहिलं. आम्ही फक्त नाव बदलले, टूलने डेटाबेस पाडला, असे का व्हावे ते कळवावे.

कंपनीत अशी पत्रं बघतो तो मुलगा तिशीतला, स्वभावाने गोड, आणि त्याचं नाव पडलंय लगेच. लगेच बघतो, लगेच करतो, लगेच सांगतो. त्याने लगेच उत्तर पाठवून दिलं की टूलने नियमाप्रमाणेच काम केलं आहे, पाडण्याआधी यादी दाखवली होती, ती वापरणाऱ्याने वाचायला हवी होती. आणि प्रकरण मिटलं असं समजून पत्र बंद केलं.

सहा महिन्यांनी दुसरंच काही शोधताना ते बंद पत्र मावशीच्या हाती लागलं. तिने दोनदा वाचलं. मग काकांना फोन लावला.

"नमस्कार, मी त्या टूलच्या कंपनीतून बोलतेय."

"बोला मॅडम. पुन्हा काही पडलं का, बरं का?"

"नाही, नाही. तुमचं जुनं पत्र वाचलं. म्हटलं विचारावं, आता कसं चाललंय?"

"कसं चालणार? देवाच्या भरवशावर, बरं का. पुढच्या महिन्यात तर चौदातली सात केंद्रं दुसऱ्या खात्याकडे जायचीत. म्हणजे ती एक मोठी फाइल फोडायची, दोन वेगळे फोल्डर करायचे. दोनशे चौदा वस्तू आहेत मॅडम. दोनशे चौदा! मी एक हलवली तर ही वेळ आली."

"मग तुम्ही काय ठरवलंय?"

"मी काय ठरवणार? आमच्या वरच्या बाईंनी ठरवलंय. म्हणाल्या, या वेळी एक जरी गेली ना, तर तुमची खुर्ची रिकामी समजा. निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत, बरं का. ती घरी बसून काढायची म्हणजे... जाऊ द्या. तुमची काय चूक त्यात."

मावशीने कॅलेंडर पुढे ओढलं. खाली टाइल कापली जात होती.

"थांबा," ती म्हणाली. "तारीख कुठली?"

तारीख होती पाच आठवड्यांनंतरच्या शनिवारची. त्या सकाळी सगळी केंद्रं नोंदी कागदावर घेणार होती, तेवढ्या वेळात फाइल फोडून पुन्हा चालू करायची.

"तुमच्या दोनशे चौदाही वस्तू हलतील आणि एकही पडणार नाही," मावशी म्हणाली. फोन ठेवल्यावर तिच्या ध्यानात आलं की आपण असं काहीतरी कबूल करून बसलोय जे टूलला येतच नाही.

लगेच सगळं ऐकत होता. "ताई, शब्द देऊन टाकलात?"

"दिला."

"साहेबांना विचारलंत?"

"आता विचारते ना."

त्यांच्या साहेबांचं एकही वाक्य 'बेसिकली' शिवाय सुरू होत नाही. म्हणून ते बेसिकली साहेब. त्यांच्या केबिनच्या खिडकीत एक मनीप्लांट आहे, तो ते स्वतः पुसतात, पानन् पान. मावशी आत गेली आणि तिने सगळं पहिल्यापासून सांगितलं.

"बेसिकली, हा वापरणाऱ्याचा प्रश्न आहे," साहेब म्हणाले. "टूल बरोबरच वागतंय."

मावशीने खिडकीतली कुंडी उचलली आणि साहेबांच्या टेबलावर, त्यांच्या कागदांवर ठेवली.

"ही कुंडी कुठली?"

"कुठली म्हणजे? माझी. खिडकीतली."

"कशावरून?"

"अहो, बेसिकली, आत्ता माझ्या डोळ्यांसमोर उचलून ठेवलीत की!"

"तुम्हाला दिसलं, म्हणून. टूलला दिसत नाही. त्याची यादी म्हणते, खिडकीत कुंडी होती, आता नको. टेबलावर नव्हती, आता हवी. मग ते काय करेल, दाखवू?" आणि तिने कुंडी पुन्हा उचलून उघड्या खिडकीबाहेर धरली. खाली टाइल्सवाल्याचा टेम्पो उभा होता.

साहेब खुर्चीतून उठलेच. "ठेवा! ठेवा ती खाली!"

"खाली, की टेबलावर?"

"टेबलावर! बेसिकली कुठेही, पण आत!"

कुंडी आत आली. साहेबांनी पानं मोजल्यासारखी बघून घेतली आणि मग पडेल आवाजात म्हणाले, "चार आठवडे. आणि मदतीला माणूस मिळणार नाही."

"एक माणूस आहे."

"कोण?"

"मी."

हा प्रसंग लगेच आजही करून दाखवतो, पण त्याला साहेबांचा उठतानाचा आवाज जमत नाही. साहेबांचा आवाज येतो नाकातून, आणि हा काढतो छातीतून.

मावशीने कंबर कसली. कल्पना साधी होती. वस्तू हलवली की फाइलमध्येच एक ओळ लिहायची, पूर्वी तिथे, आता इथे. टूलने फाइल आणि वही ताडून बघायच्या आधी ही ओळ वाचायची आणि वहीतली नोंद जुन्या नावावरून नव्या नावावर सरकवायची. मग ताडलं की दोन्हीकडे एकच नाव. पाडायला काही उरत नाही, बांधायला काही उरत नाही. खरा डेटाबेस कुठेतरी थंड खोलीत आपलं काम करत राहतो, त्याला पत्ताही नसतो की आपलं बारसं पुन्हा झालं.

नोंद सरकवणं तिने तीन दिवसांत लिहिलं. वेळ गेला तो नाही म्हणायला शिकवण्यात. नव्या जागी आधीच दुसरं कुणी बसलेलं असेल तर? टूलने थांबायचं आणि कोण बसलंय ते सांगायचं. दोन वेगळ्या वस्तूंना एकाच जागी पाठवलं तर? थांबायचं. सर्व्हरला डेटाबेसच्या नावावर पाठवलं तर? थांबायचं. अर्धी वही सरकवून झाली आणि मध्येच वीज गेली तर? सरकवलेलं सगळं परत जागेवर. प्रत्येक 'तर'ची एक चिठ्ठी तिच्या कपाटाच्या दारावर चिकटत गेली, आणि निकाल लागला की चिठ्ठी निघत गेली. आई म्हणायची, "कपाटाला गोवर झालाय."

"ताई, तुमचं टूल हलवतं कमी आणि नकार जास्त देतं," लगेच म्हणाला.

"चांगल्या हमालानेही तसंच असावं."

"आणि एकच वस्तू दोनदा हलली असेल तर? आधी तिथून इथे, मग इथून पलीकडे?"

तिसऱ्या आठवड्याचा शुक्रवार होता. खाली यंत्र किंचाळत होतं आणि मावशीचं डोकं ठणकत होतं. "दोनदा कोण हलवतंय," ती म्हणाली. "ते पुढच्या वेळी." तिने चिठ्ठी लिहिली, घरी येऊन कपाटाच्या दारावर लावली आणि त्यावर दुसऱ्या चिठ्ठ्या लावत गेली.

चार आठवडे संपले. काकांकडे एकाच फाइलवर चालणाऱ्या तीन मांडण्या होत्या, एक सरावाची, एक नव्या लोकांना शिकवायची आणि एक खरी. पहिल्या दोन्हींवर रंगीत तालीम झाली. टूलने यादी दाखवली: हलणार दोनशे चौदा, पाडणार शून्य, बांधणार शून्य. खाली नेहमीचा प्रश्न आला, करू का? 'हो' लिहायचं की काम सुरू. दोन्ही वेळा काकांनी पडदा मावशीच्या ताब्यात दिला.

"तुम्हीच लिहा, बरं का. माझ्या हाताला गुण नाही."

मावशीने लिहिलं. दोन्ही मांडण्या जशाच्या तशा चालू राहिल्या. काका फोनवर हसले, ते पहिल्यांदाच.

शनिवारच्या आधीच्या गुरुवारी खऱ्या मांडणीची नुसती यादी काढायची ठरली. यादी काढल्याने काही बदलत नाही, ती फक्त सांगते. टूलने सांगितलं.

हलणार दोनशे तेरा. पाडणार एक. बांधणार एक.

मावशीने ती एक कोण ते बघितलं. बाळांच्या कानांच्या नोंदी. तोच डेटाबेस.

काकांनी ती ओळ फोनवर वाचून दाखवली. त्यात एकही 'बरं का' नव्हतं, तेव्हाच मावशीला कळलं की प्रकरण गंभीर आहे.

"दादा," ती म्हणाली. ती त्यांना पहिल्यांदाच दादा म्हणाली. "थांबा. पहिल्यापासून सांगा. त्या वेळी पडल्यावर तुम्ही डेटाबेस परत कसा उभा केलात?"

"राखीव प्रतीवरून. जुन्या नावाने."

"आणि मग नवं नाव?"

"वरच्या बाई म्हणाल्या, ठरलेलं नाव द्यायचंच. मी फाइलमध्ये दिलं. सरावाच्या मांडणीवर टूल चालवलं, तिथे काय, खोट्याच नोंदी. शिकवायच्या मांडणीवर चालवलं. आणि खऱ्यावर..."

"खऱ्यावर?"

"हातच उचलेना हो. झालं म्हणून वर सांगून टाकलं. सात महिने खऱ्या मांडणीवर टूल चालवलेलंच नाही, बरं का. ताई, हे वर कळलं तर माझं काही खरं नाही."

म्हणजे एकोणीस बाळांच्या धसक्याने एक शहाणासुरता माणूस सात महिने एका नावाला शिवला नव्हता. दोन मांडण्यांवर डेटाबेस दुसऱ्या नावाने होता, खऱ्यावर अजून पहिल्याच. आणि फाइलमधली ओळ म्हणत होती, दुसऱ्या नावावरून तिसऱ्यावर, म्हणजे नव्या फोल्डरातल्या नावावर, जा. खऱ्या वहीत दुसरं नावच नव्हतं. गड्याने खांदे उडवले आणि पहिलं नाव पाडायच्या यादीत टाकलं.

दोनदा हलणारं कुणीतरी निघालंच होतं.

"चूक तुमची नाही," मावशी अगदी हळू बोलत होती. "माझी आहे. हे मला कुणीतरी विचारलं होतं आणि मी पुढे ढकललं."

"पण शनिवार तर परवा..."

"शनिवार शनिवारीच येऊ दे. तुम्ही यादीशिवाय काही चालवू नका."

ऑफिसात सल्ल्यांचा पाऊस पडला. लगेच म्हणाला, "लगेच होईल ताई, ओळीतलं नाव बदला, पहिल्यावरून सरळ तिसऱ्यावर." मावशी म्हणाली, "फाइल तिन्ही मांडण्यांना एकच आहे. मग इतर दोघींची नोंद कोण हलवणार?" "मग दोन ओळी लिहा, दोन्ही तिसऱ्यावर." "एकाच जागी दोघांना पाठवलं की थांब, असं मीच शिकवलंय. आणि ते बरोबरच आहे." मग साहेब आले. "बेसिकली, त्या एका वस्तूपुरती वही उघडा, हाताने नाव खोडा, नवं लिहा, कोण बघतंय?"

सगळ्यांना वाटलं आता मावशी हो म्हणणार. सोपं होतं. दहा मिनिटांचं काम.

"वहीत हाताने लिहायचं म्हणजे एक अक्षर चुकलं की गेलं," मावशी म्हणाली. "आणि मी तिथे नसेन तेव्हा? आपली चाळीस गिऱ्हाइकं आहेत. कुणाकुणाच्या खऱ्या मांडणीला कोण घाबरून शिवलेलं नाही, तुम्हाला माहितीय? मला नाही माहीत. मी उद्या येणार नाही. घरी बसून लिहिते."

"एका दिवसात?"

"दीड. शनिवारची सकाळ धरून."

तर ही अशी ती घरी बसली. शुक्रवारी सकाळी सातला तिने जेवणाच्या टेबलाचा ताबा घेतला आणि आईला सांगितलं की आज सगळ्यांनी मांडीवर ताटं घेऊन जेवायचं. कपाटाच्या दारावरची सगळ्यात खालची चिठ्ठी काढून समोर लावली. आता टूलने एका ओळीवर थांबायचं नव्हतं. वहीत पहिलं नाव दिसलं की ओळी वाचत जायचं: पहिल्यावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर, आणि जिथे साखळी संपेल तिथे नोंद नेऊन ठेवायची. ज्याच्या वहीत दुसरं नाव असेल त्याने साखळी मधूनच पकडायची. एकच फाइल, तिन्ही मांडण्या खूश. म्हणजे जुन्या ओळी काम झालं म्हणून पुसायच्या नाहीत, कारण कुणीतरी मागे राहिलेलं असतंच.

दुपारी चाचणी घेतली आणि लॅपटॉपचा पंखा असा घोंगावायला लागला की स्वयंपाकघरातून आई ओरडली, "काय गिरणी लावलीस का गं?"

झालं असं होतं की मावशीने मुद्दाम दोन वाकड्या ओळी लिहून बघितल्या. एक म्हणते इथून तिथे जा, दुसरी म्हणते तिथून इथे ये. बिचारं टूल गोल गोल फिरत बसलं होतं, आणि कामसू असल्यामुळे थकतही नव्हतं. मावशीने त्याला ओढून बंद केलं आणि आणखी एक नकार शिकवला. ज्या नावावरून निघालो त्याच नावावर परत आलो तर थांबायचं, आणि दोन्ही ओळी दाखवून सांगायचं की आधी तुमचं तुम्ही ठरवा.

संध्याकाळी पाच वाजता दाराची घंटा वाजली म्हणून तिने उठून दार उघडलं. काकू साखर मागायला आल्या होत्या. "आज घरी?" काकूंनी विचारलं. "हो, त्या बाळांच्या नोंदी पडल्या ना, त्याचंच बघतेय," मावशी म्हणाली आणि साखर न देताच दार लावून परत टेबलाशी गेली. त्या दोन वाक्यांतून जिन्यात काय उभं राहिलं ते सुरुवातीलाच आलेलं आहे.

शनिवारी सकाळी साडेनऊला नवी आवृत्ती काकांच्या हाती पोचली. मावशी टेबलाशी, पडद्यावर काकांचा चेहरा, केस विंचरलेले, इस्त्रीचा शर्ट, जणू मुलाखत आहे. मागे भिंतीवर चौदा केंद्रांचा नकाशा. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला दिवसभर कुणा ना कुणाची नक्कल करत फिरणारी भाची दुधाचा पेला घेऊन बसली होती, कारण तिला तिथून कुणी हाकललं नव्हतं.

काकांनी यादी मागवली. टूल विचारात पडल्यासारखं चार सेकंद थांबलं.

हलणार दोनशे चौदा. पाडणार शून्य. बांधणार शून्य.

"दिसतंय का?" मावशीने विचारलं.

"दिसतंय, बरं का. पण मी वाचणार. सगळी."

"वाचा की."

आणि काकांनी दोनशे चौदाही ओळी मोठ्याने वाचल्या. हे इथून तिथे, ते तिथून इथे, एकेका ओळीवर बोट ठेवून, शाळेत हजेरी घेतात तशी. डेटाबेसची ओळ एकशे सदतिसावी होती. पहिल्या नावावरून, दुसऱ्यामार्गे, तिसऱ्यावर. ती त्यांनी तीनदा वाचली.

ही हजेरी चालू असताना भाचीने कागदावर लिहून मावशीपुढे सरकवलं: काका 'हो' लिहिणार नाहीत. तुलाच लिहायला सांगतील. लाव पैज.

मावशीने माइक बंद केला. "काय लावतेस?"

"मी हरले तर आठ दिवस कुणाची नक्कल नाही. तू हरलीस तर तुझ्या ऑफिसात, सगळ्यांसमोर, साहेबांची नक्कल करू द्यायची. साहेबांसमोर."

"कबूल," मावशी म्हणाली आणि माइक चालू केला.

दोनशे चौदावी ओळ संपली. पडद्यावर प्रश्न उभा होता: करू का?

काकांनी घाम पुसला. "ताई, तुम्हीच..."

भाचीने पेला खाली ठेवला. जिंकल्यात जमा होतं.

"नाही दादा," मावशी हळूच म्हणाली. "मी लिहीन, आज निभेल. पण सोमवारी तुम्ही परत त्या नावाला घाबराल. यादी तुम्ही वाचलीत. शून्य कुणी वाचलं?"

"मी."

"मग तुम्ही लिहा. मी इथेच आहे, उठत नाही."

काकांनी चष्मा काढला, पुसला, घातला. उजवा हात वर आणला, परत मांडीवर नेला. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा ऐकू यायला लागला. घड्याळ त्यांच्याकडचं होतं की आमच्याकडचं, कळेना. मग त्यांनी दोन बोटांनी, एकेक अक्षर दाबत लिहिलं. हो.

हिरवी अक्षरं धावली. हलल्या दोनशे चौदा. पडली शून्य. काकांनी आधी त्याच्यावर विश्वास ठेवला नाही. त्यांनी सरळ नोंदी उघडल्या, त्या एकोणीस बाळांपैकी शेवटचं, ज्याच्या दारात ते स्वतः गेले होते, त्याचं नाव शोधलं. होतं. दुसऱ्या तपासणीची तारीख, निकाल, सगळं जागच्या जागी. मग त्यांनी एका केंद्राला फोन करून त्या सकाळी जन्मलेल्या बाळाची कागदावरची नोंद घालायला सांगितली. ती गेली.

"गेली," काका म्हणाले, आणि डोळ्यांना रुमाल लावून खुर्चीत मागे टेकले. "ताई, माझी खुर्ची हलली नाही, बरं का."

मावशीने लॅपटॉप बंद केला आणि भाचीकडे बघितलं. पैज हरलेली ती भाची म्हणजे हे लिहिणारी. आठ दिवस स्वतःच्या आवाजात बोलायचंय. आज चौथा.